शिंद्यांचा घाट, शिंद्यांच्या तोफा

काशीयात्रा करून आलेल्या माणसाला 'शिंदे घाट पाहिलात का?' असे विचारले, तर बहुतेक वेळा नकारार्थी मान हलते. 'वाकड्या देवळाचा घाट' म्हटले की मात्र लगेच ओळख पटते. मणिकर्णिकेच्या चिता ओलांडून नाव उत्तरेकडे सरकली, की डाव्या हाताला अर्धे पाण्यात बुडालेले आणि मागे कललेले एक दगडी देऊळ दिसते. ते रत्नेश्वर महादेवाचे. नावाडी हिंदीत 'सिंधिया घाट' असे नाव सांगतो आणि वल्ही मारत पुढे जातो. 'सिंधिया' म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे आपले शिंदे, हे नावेतल्या मराठी प्रवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

या देवळाचा कल सुमारे नऊ अंश आहे, असे सांगितले जाते. पिसाचा जगप्रसिद्ध मनोरा चार अंशांच्या आसपासच कललेला आहे. म्हणजे काशीचे हे देऊळ त्याला केव्हाच मागे टाकते. फक्त त्याची जाहिरात कोणी केली नाही. वर्षातले कित्येक महिने गाभाऱ्यात पाणी असते, पाणी उतरले की गाळ राहतो, आणि तो उपसल्यावर थोडे दिवस पूजाअर्चा होते. लोककथा अशी की, एका मुलाने आईच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी हे देऊळ बांधले आणि 'आई, तुझे ऋण फेडले' असे तो म्हणताक्षणी ते कलले. म्हणून त्याला मातृऋण महादेव असेही म्हणतात. कथा गोड आहे. खरे कारण मात्र पायाखालच्या नदीकाठच्या मातीत शोधायला हवे. कारण कलले ते एकटे देऊळच नव्हे. शेजारचा अख्खा घाट बांधल्यानंतर थोड्याच काळात खचला होता.

तो घाट बांधला बायजाबाई शिंदे यांनी, १८३० च्या सुमारास. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी विवाहबद्ध झाली. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला आणि १८३३ पर्यंत तो चालवला. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप तिनेच १८२८ मध्ये बांधून घेतला. त्यानंतर तिने मणिकर्णिकेच्या शेजारी एवढ्या भव्य घाटाचे काम काढले, की त्याचे वजन काठाला पेलवले नाही. पाया बसला, दगडांना भेगा गेल्या, काम थांबले. आज जो घाट दिसतो, तो विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिलेला आहे.

या घाटाला आणखी एक मान आहे. परंपरा असे मानते की, अग्नीचा जन्म येथे झाला. वरच्या गल्लीत आत्मवीरेश्वराचे मंदिर आहे आणि पुत्रप्राप्तीचा नवस करायला लोक तेथे येतात. अग्नीच्या जन्मस्थानी शिंद्यांचे नाव लागावे हा योगायोगच म्हणायचा. कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानात दारूगोळ्याचा, तोफांचा आणि बंदुकांचा सर्वांत मोठा कारखानदार कोणी असेल, तर ते शिंदेच होते. त्या शस्त्रांचे पुढे काय झाले, याचा माग जुनी लष्करी शस्त्रे जमवणारे लोक अजून काढत असतात. तो माग काशीपासून कोलकात्यापर्यंत जातो आणि मध्येच फ्रान्समध्येही डोकावतो.

दहा रुपयांची बंदूक

पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी एक गोष्ट ओळखली होती. केवळ घोडदळाच्या जोरावर पुढची युद्धे जिंकता येणार नाहीत. कवायती पायदळ हवे आणि त्याच्या हाती एकाच मापाच्या बंदुका हव्यात. १७८४ मध्ये त्यांनी बन्वा द बॉयन या सेनानीला चाकरीत घेतले. हा मूळचा सावोय प्रांतातला, आल्प्सच्या पायथ्याच्या शांबेरी गावचा. सुरुवातीला दोन पलटणी होत्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्या पलटणींनी राजपूत सैन्याला हरवले, आणि मग महादजींनी अशा संपूर्ण ब्रिगेडी उभ्या करायला सांगितले.

ब्रिगेड म्हणजे माणसे आलीच. पण त्याआधी शस्त्रे हवीत. ही शस्त्रे विलायतेहून मागवायची तर कंपनी सरकारच्या मेहेरबानीवर राहावे लागले असते. म्हणून आग्र्यात ओतशाळा आणि बंदुकांचे कारखाने सुरू झाले. त्यांचा प्रमुख सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता. त्याच्या देखरेखीखाली उत्तम तोफा ओतल्या जात, आणि विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक अवघ्या दहा रुपयांत तयार होई, असे त्या काळच्या लष्करी इतिहासात नमूद आहे. सँगस्टरचे नाव कागदावर राहिले. तापलेली सळई पिळून नळी घडवणारे, लाकडाचा दस्ता तासणारे आणि घोड्याची कमान बसवणारे आग्र्याचे शेकडो लोहार-सुतार मात्र निनावीच राहिले.

या सैन्यात दोन प्रकारचे शिपाई होते. तेलंगी पलटणींकडे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकी बंदूक आणि पुढे संगीन असे. दुसऱ्या नजीब पलटणी. त्यांच्याकडे जुन्या देशी पद्धतीची तोडेदार बंदूक होती. हिच्यात धुमसता तोडा रंजकावर टेकवला की बार उडतो. ती स्वस्त, दुरुस्तीला सोपी आणि शिपायांच्या ओळखीची. पण एकदा बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत शिपाई निःशस्त्रच. द बॉयनने या तोडेदार बंदुकीलाही संगीन जोडली. देशी बंदूक आणि युरोपी संगीन यांचे हे लग्न इतके यशस्वी ठरले की, ते त्याचे स्वतःचे संशोधन मानले गेले.

संगीन ही दिसायला साधी वस्तू. पण तिच्यामागे विचार आहे. अगदी सुरुवातीच्या संगिनी नळीच्या तोंडात बुचासारख्या ठोकत असत. साहजिकच ती बसवली की गोळी झाडता येत नसे. पुढे नळीवर बाहेरून चढणाऱ्या पोकळ बांगडीची संगीन निघाली आणि शिपायाला एकाच हत्याराने गोळीबार आणि भोसकणे दोन्ही करता येऊ लागले. तिचे पाते तिधारी असे. कापण्यासाठी ते नाहीच. हलके असूनही वाकू नये म्हणून तो आकार. कंपनीच्या बंदुकीवरचे हे पाते साधारण १७ इंच लांब असे. आपल्याकडे जुन्या वाड्यांत 'भाल्याचे टोक' म्हणून जपलेली वस्तू पुष्कळदा भाल्याची नसते. खालच्या बांगडीला नागमोडी खाच असेल, तर ती संगीन समजावी.

द बॉयन १७९५ च्या अखेरीस शिंद्यांची नोकरी सोडून गेला, भरपूर संपत्ती घेऊन शांबेरीला स्थायिक झाला आणि १८३० मध्ये वारला. तेच, बायजाबाईंच्या घाटाचे साल. त्याच्या गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एक कारंजे उभारले. त्याला चार बाजूंना चार हत्तींची फक्त पुढची अंगे जोडलेली आहेत. मागचा भागच नसल्याने गावकरी त्या हत्तींची चेष्टा करतात. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, आल्प्सच्या कुशीतल्या चौकात हिंदुस्थानी हत्ती का उभे आहेत, याचे उत्तर महादजींच्या छावणीत आहे.

तोफांचे झाले काय?

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले आणि ही सारी तयारी पणाला लागली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजा भिडल्या. मराठी तोफखान्याने इंग्रजी रांगा अक्षरशः कापून काढल्या. वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. तरीही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे. लढाईनंतर शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती आल्या, आणि त्यांतल्या पितळी तोफांइतक्या सुंदर तोफा आपण पाहिल्या नव्हत्या अशी कबुली त्याने पत्रात दिली.

१ नोव्हेंबरला लासवारीला उत्तरेतली शेवटची मोठी लढाई झाली. इंग्रज सेनापती लेक याने आपल्या सरकारला कळवले की, शिंद्यांचे गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. या सैन्याचे बरेच युरोपी अधिकारी लढाईआधीच साथ सोडून गेले होते. ते असते तर निकाल काय लागला असता याची आपल्याला धास्ती वाटते, असेही त्याने लिहिले. शत्रूने लिहिलेला हा दाखला आपल्या शालेय पुस्तकांत फारसा सापडत नाही. पानिपतावर आपण शेकडो पाने खर्च करतो. लासवारीचे नाव मात्र घरात चार जणांना विचारून पाहावे.

डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब शिंद्यांच्या हातून गेला. आग्र्याबरोबर कारखानेही गेले. १८०५ च्या तहात कंपनीने दौलतरावांना सालीना चार लाख रुपये आणि बायजाबाईंना दोन लाखांची जहागीर देऊ केली. तोफांच्या जागी तनखा आला, असे म्हणायला हरकत नाही. बायजाबाई पैशाच्या बाबतीत अतिशय चतुर होत्या. उज्जैनच्या सराफी पेढ्यांमध्ये त्यांचे व्यवहार चालत. काशीच्या घाटाला लागलेला दगड हा लढाया संपल्यानंतरच्या त्या काळातला आहे.

१८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीच्या पक्षाने बायजाबाईंना ग्वाल्हेरबाहेर काढले. फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी स्त्री १८३५ मध्ये फत्तेगडच्या छावणीत त्यांना भेटली. तिने लिहून ठेवलेले दृश्य विसरता येण्यासारखे नाही. भरजरी गादीवर बायजाबाई बसलेल्या, शेजारी नात, भोवती दासी, आणि गादीवर पायांशी शिंद्यांची तलवार. राज्य गेले होते, तोफखाना गेला होता, पण तलवार होती. आज आपण ज्याला 'युद्धस्मृती जपणे' म्हणतो, त्याचे याहून चांगले उदाहरण कोणते? (याच भेटींत मराठी बायकांसारखे पुरुषी मांडीने घोड्यावर बसण्याची मौजही पार्क्सबाईंनी अनुभवली. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसण्याची इंग्रजी पद्धत पाहून मराठी बायकांची हसून पुरेवाट झाली होती.)

बायजाबाई पुढे अलाहाबाद, नाशिक असा प्रवास करून अखेर ग्वाल्हेरला परतल्या आणि १८६३ मध्ये तेथेच वारल्या. मधल्या काळात ग्वाल्हेरच्या उरल्यासुरल्या तोफखान्याची शेवटची लढाई झाली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या सैन्याचा पराभव केला. नंतरच्या तहाने राज्याला फक्त नऊ हजार सैन्य आणि ३२ तोफा ठेवण्याची मुभा मिळाली.

पण शस्त्रसंग्राहकांना या लढाईचे खरे आकर्षण वेगळेच आहे. जिंकलेल्या मराठी तोफा वितळवून त्यांच्या धातूची पदके पाडण्यात आली! कोलकात्याच्या टांकसाळीत तयार झालेले हे पदक म्हणजे 'ग्वाल्हेर स्टार'. सहा टोकांचा काशाचा तारा, मध्ये छोटा चांदीचा तारा, त्यावर लढाईचे नाव आणि तारीख. महाराजपूरला लढलेल्यांसाठी एक, पनिहारला लढलेल्यांसाठी दुसरा. मागच्या बाजूला शिपायाचे नाव आणि पलटण. उरलेल्या धातूचाही उपयोग झाला. कोलकात्याला हुगळीच्या काठावर १८४७ चे 'ग्वाल्हेर मॉन्युमेंट' उभे आहे. त्याचा घुमट या तोफांच्याच धातूचा आहे. त्याच काठावर प्रिन्सेप घाट आहे. काशीच्या टांकसाळीत दहा वर्षे नोकरी करताना जेम्स प्रिन्सेपने तेथल्या घाटांची जी चित्रे काढली, ती १८३० ते १८३४ या काळात प्रसिद्ध झाली. ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. शिंद्यांच्या काळची काशी टिपणाऱ्या माणसाचे स्मारक आणि शिंद्यांच्या तोफांचे स्मारक एकाच नदीकाठी असावे, हे कोलकात्याच्या पर्यटकाला कोणी सांगत नाही.

माळ्यावरची संगीन

मराठी घरात जुने शस्त्र वर्षातून एकदाच दिसते, खंडेनवमीला. पाट मांडून त्यावर तलवार, कट्यार, कधी गंजलेली संगीन ठेवायची, झेंडूचे फूल वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून पुन्हा माळ्यावर. बंदूक मात्र क्वचितच असते. १८५७ नंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे काढून घेतली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. कित्येक घरांनी जुन्या बंदुका जमा केल्या, विहिरीत टाकल्या किंवा लोहाराला देऊन त्यांच्या नांगराचे फाळ करून घेतले.

जे उरले, त्यातले मोलाचे कोणते आणि बाजारू कोणते हे ओळखणे हाच या छंदाचा खरा आनंद आहे. कंपनीच्या चकमकी बंदुकीच्या लोखंडी पट्टीवर आधी बदामाच्या आकाराचे व्यापारी चिन्ह असे. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. एवढ्या एका खुणेवरून बंदुकीचा काळ ठरवता येतो. पण खुणा खोट्याही असतात. वायव्य सरहद्दीवरच्या गावठी कारागिरांनी विलायती बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, आणि इंग्रजी येत नसल्यामुळे अक्षरे चक्क उलटी कोरली. उलट्या 'एन'ची बंदूक विलायती म्हणून विकत घेऊन फसलेल्यांची संख्या कमी नाही. 'शिवकालीन' म्हणून पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या तलवारींविषयी तर बोलायलाच नको.

पदकांचे तसे नाही. त्यांच्या कडेवर किंवा पाठीवर कोरलेले नाव, क्रमांक आणि पलटण हीच त्यांची किंमत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड भागात पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातली अशी पदके अजून पुष्कळ घरांत आहेत. ती सोनाराकडे मोडीत काढली तर चांदीचा भाव येतो, पण नाव जाते. एखाद्या नातवाने कडेवरचा क्रमांक वाचून आपला पणजोबा मेसोपोटेमियात होता की फ्रान्समध्ये, याचा शोध लावला तर ते पदक पुन्हा जिवंत होते. एकदा वितळवले, की मग ग्वाल्हेरच्या तोफांसारखीच गत.

साफसफाईचा उत्साह हा जुन्या शस्त्राचा मोठा शत्रू आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हौशी मंडळी पॉलिश पेपर, चिंच, रांगोळी घेऊन बसतात आणि दोनशे वर्षांच्या खुणा तासाभरात घासून काढतात. लोखंडावरचा काळपट थर हा मळ नव्हे. त्याखालीच कारखान्याचे शिक्के असतात. मऊ कोरड्या कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, एवढे पुरे. शस्त्र चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण चामडे दमटपणा धरून ठेवते आणि पात्याला आतून गंज चढतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवाच्या हातात उडू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ मध्ये तिथल्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. तो गोळा सुमारे दीडशे वर्षांचा होता. तेव्हा जुनी बंदूक, गोळा किंवा काडतूस सापडले तर ते खेळण्यासारखे हाताळू नये, मुलांच्या हाती देऊ नये; पोलिसांना कळवून जाणकाराकडून तपासून घ्यावे.

कायदाही समजून घेतलेला बरा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार, जुन्या घडणीचे किंवा पुरातन महत्त्वाचे आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे हत्यार बाळगण्यास सूट आहे. पण 'वापरता येणार नाही' हे आपण ठरवायचे नसते. चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतोच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. तलवार-संगिनीला कोणत्या भागात परवाना लागतो, हे सरकारी अधिसूचनेवर अवलंबून असते. जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू हा पुरावशेष ठरतो. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या लेकीला आठवण म्हणून आजोबांची कट्यार देणाऱ्यांनी विमानतळावर जाण्याआधी याचा विचार करावा.

इतके सांभाळण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी वस्तू संग्रहालयाला द्यावी हे उत्तम. पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा वस्तूंबरोबर शस्त्रेही जमवली आणि आयुष्यभराचा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही शस्त्रांचे चांगले दालन आहे.

पाहायचे असेल तर

मुंबईहून महानगरी आणि कामायनी एक्स्प्रेस वाराणसीला जातात. शिंदे घाट पाहायला हिवाळा ते वैशाख हा काळ चांगला. पाणी उतरलेले असते आणि रत्नेश्वराचे देऊळ बरेचसे उघडे पडते. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्याच पाण्याखाली जातात. गल्लीतून जाण्यापेक्षा दशाश्वमेधावरून नाव करावी. मणिकर्णिकेजवळ चितांचे फोटो काढू नयेत. तेथल्या लोकांना ते आवडत नाही आणि ते योग्यही नाही. शिंदे घाटावरून पुढे उत्तरेला संकठा घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, ग्वाल्हेरच्या दिवाणांचा जटार घाट आणि ग्वाल्हेर घाट लागतो. अर्ध्या तासात नावेतून निम्मी मराठेशाही पाहून होते.

शहरात नंदेसरची कोठी आहे. आता तेथे हॉटेल आहे. १४ जानेवारी १७९९ रोजी अयोध्येच्या पदच्युत नबाब वझीर अलीने काशीत इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा न्यायाधीश सॅम्युएल डेव्हिस याने बायकामुलांना गच्चीवर पाठवले आणि अरुंद जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एकट्या भाल्याच्या जोरावर हल्लेखोरांना घोडदळ येईपर्यंत रोखून धरले. बंदुकांच्या जमान्यात भाल्याने वाचवलेले हे कुटुंब! त्याच्या मुलाने १८४४ मध्ये या घटनेवर पुस्तकही लिहिले.

प्रत्यक्ष शस्त्रे पाहायची तर नदीपलीकडच्या रामनगर किल्ल्यात जावे. १७५० च्या सुमारास राजा बलवंतसिंहांनी बांधलेल्या या किल्ल्यातल्या संग्रहालयात तलवारींबरोबर ब्रह्मदेश, जपान आणि आफ्रिकेतल्या जुन्या बंदुकाही आहेत. पालख्या, मेणे आणि जुन्या मोटारींपुढे मुले रेंगाळतात. शस्त्रांच्या दालनासाठी वेगळा तास काढून ठेवावा आणि तोडेदार बंदूक दिसली, की तिच्या नळीच्या टोकाला संगीन अडकवण्याची खुंटी आहे का, ते वाकून पाहावे.